येळवशीला मोजलेली विहीर

वेळ अमावस्येला, म्हणजे गावाकडच्या येळवशीला, लातूर शहरात चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही. सगळा जिल्हा रानात गेलेला असतो. नांदेडहून सकाळी सुटलेल्या एसटीत समीक्षा सोनकांबळेला लोह्यापर्यंत उभंच राहावं लागलं. अहमदपूर मागे पडलं तशी एकेका फाट्यावर दुरड्या आणि आंबिलीच्या घागरी सांभाळत माणसं उतरत गेली, आणि शिरूर अनंतपाळ आलं तेव्हा गाडी जवळजवळ रिकामी होती. उतरताना कंडक्टरने विचारलं, कुणाच्या रानात? बोलावणं असल्याशिवाय या दिवशी कुणी इकडे येत नाही, हे तो धरूनच चालला होता. येरंडवाडीच्या शिवशंकर बिराजदारांच्या, असं तिने सांगितलं.

गेल्या वर्षीही ती याच दिवशी येरंडवाडीत आली होती, पण कामासाठी. समीक्षा नांदेडच्या विद्यापीठात भूजलाच्या एका प्रकल्पावर संशोधक होती. गावाच्या सार्वजनिक विहिरीत तारेला बांधून एक यंत्र सोडायचं होतं. ते तासातासाला पाण्याची पातळी मोजून पाठवणार, आणि त्यावरून संगणकात त्या विहिरीची हुबेहूब प्रतिकृती तयार होणार. तिच्यावर पाऊस पाडून बघायचा, उपसा वाढवून बघायचा, पुढच्या उन्हाळ्यात काय होईल ते आजच बघायचं. गावाने त्या प्रतिकृतीला नाव दिलं होतं, कॉम्प्युटरातली हीर. दिवस शिवशंकरने सुचवला होता. येळवशीला या, म्हणाला, पुण्या-मुंबईला गेलेली पोरंसुद्धा त्या दिवशी घरी असतात, घरोघर हिंडावं लागणार नाही. तिला ते पटलं होतं. एका दिवसात सगळं काम झालं होतं.

हे गाव प्रकल्पात घेण्याचं कारण वेगळं होतं. पाच वर्षांपूर्वी ऐन चैत्रात येरंडवाडीची विहीर आटली. गावाने पाऊस पडेपर्यंत टँकरच्या मागे पळून दिवस काढले. पाऊस आल्यावर ग्रामसभेने ठराव केला, की शिवारात नवीन बोअर पाडायचं नाही. असे ठराव बऱ्याच गावांत होतात. येरंडवाडीने तो पाळला. शिवाय दरवर्षी येळवशीला, सगळे जमलेले असताना, विहिरीत दोर सोडून पाणी मोजायचं आणि आतल्या भिंतीवर चुन्याची रेघ ओढायची, असं ठरवलं. रेघ दरवर्षी थोडी वर सरकत होती. समीक्षाला हे सोनंच हाती लागल्यासारखं झालं होतं. लोकांनी स्वतःच्या हाताने, दरवर्षी एकाच दिवशी, एकाच जागी घेतलेलं माप तिच्या धंद्यात सहसा मिळत नाही. त्या रेघांवरून तिने विहिरीची स्वाभाविक पातळी ठरवली, यंत्राची सुरुवातही त्याच दिवशीच्या पाण्यावर बांधली, आणि दिवाळीच्या आत अहवाल दिला. पाणीपातळी स्थिर व वाढती, थोड्या जादा उपशाला वाव आहे.

त्या अहवालावरच आता सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत बोअरबंदी उठणार होती.

शिवशंकरच्या रानात कडब्याची कोप उभी होती, आत चुन्याने रंगवलेले दगडाचे पाच पांडव, वर नवी शाल. त्याची आई नागम्मा येईल त्याच्या ताटात शेंगा-भाज्यांच्या भज्जीचा ढीग घालत होती. समीक्षाला तिने हात आखडायची संधीच दिली नाही.

“मागल्या साली निस्ती यंत्राला खाऊ घालत बसली,” नागम्मा म्हणाली. “अंगावर काय चढलं तुज्या? आवंदा तरी जेव.”

जेवण अंगावर आल्यावर समीक्षा एकटीच बांधाने विहिरीकडे गेली. तिला कामाचं काही नव्हतं. ती फक्त बघायला गेली. पाणी चांगलं वर होतं, आणि यंदाच्या रेघेचा चुना अजून ओला दिसत होता. सवयीने तिने मोबाइल काढून आलेख उघडला. तिथे दोन रेघा असायच्या. निळी म्हणजे संगणकाच्या हिशेबाने विहीर जिथे असायला हवी ती, आणि लाल म्हणजे यंत्राने खरोखर मोजलेली. वर्षभर लाल रेघ निळीच्या खाली लोंबत असे, वरखाली दातरे काढत. शेजारची मोटार चालू झाली की पाणी ओढलं जातं, ती तेवढ्यापुरती गडबड असते, म्हणून असं माप बाजूला काढायचं, अशी आज्ञा तिनेच प्रोग्रॅमला दिली होती. प्रोग्रॅम त्या भागाला करडा रंग देत असे आणि खाली लिहीत असे, अडथळा.

आज करडा रंग नव्हता. लाल रेघ निळीवर नेमकी बसली होती, एकीखाली दुसरी दिसू नये इतकी.

पहिल्यांदा तिला आनंद झाला. अंदाज बरोबर आल्यावर कुणालाही होतो. मग तो आनंद तसाच अर्धा राहिला. वर्षभर न जुळलेली गोष्ट एकाच दिवशी इतकी चोख का जुळावी? तिने मान वर केली. शिवारात माणसांचे आवाज होते, पोरं ओरडत होती, कुठेतरी हलगी वाजत होती. तरी काहीतरी कमी होतं. वर्षभरात यंत्र तपासायला येऊन इथे उभं राहिलं की पायाखालून आल्यासारखी एक घरघर असायची, चहूबाजूंनी. ती आज नव्हती.

शिवशंकर पान चघळत मागून आला, तेव्हा तिने विचारलं, आज वीज नाही का?

“हाय की. पर ऑटो काढलेत ना समद्यांनी.”

ऑटो म्हणजे मोटारीच्या पेटीतला तो छोटा डबा, जो वीज आली की आपोआप मोटार चालू करतो. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येते. तिच्यासाठी कुणी जागत बसत नाही, डबा बघून घेतो. माणूस घरी झोपलेला असतो आणि बोअर चालू असतं. येरंडवाडीत ऑटो नसलेली मोटार नव्हती.

“कधी काढले?”

“परवा सांजच्याला. येळवशीला रान गप ठिवायचं असतंय, ताई. भूमाय भरल्या अंगाची असती, तिला धक्का नगं. मोटार न्हाई, औत न्हाई, खुरपं न्हाई. परवापासनं उद्यापतुर.”

“दरवर्षी?”

“आजाच्या काळापासनं.”

आजोबांच्या काळी मोटारी नव्हत्या, हे तिच्या ओठावर आलं, पण ती बोलली नाही. ती विहिरीतल्या चुन्याच्या रेघा बघत होती. सगळ्या रेघा याच दिवसाच्या. वर्षातून एकदाच सगळ्या शिवाराने हात मागे घेतलेला असतो, विहीर दोन दिवस भरत राहते, आणि नेमकं तेव्हा गाव तिचं माप घेतं. लबाडी कुणाचीच नव्हती. सण होता, माणसं जमली होती, म्हणून माप त्या दिवशी घेतलं गेलं. आणि तिने त्याच दिवसाला विहीर समजून उरलेल्या सगळ्या वर्षाला अडथळा म्हटलं होतं.

शिवशंकरला मात्र तिला दुसरंच काही दाखवायचं होतं. तो तिला आपल्या रानाच्या वरच्या अंगाला घेऊन गेला. तिथे एका दगडाला हळदकुंकू लावलं होतं. पाणाड्याने नारळ फिरवून बोअरसाठी दाखवलेली जागा. ठरावाच्या वेळी बंदीच्या बाजूने सर्वांत आधी हात वर करणारा शिवशंकरच होता, आणि ठरावाच्या आधी बोअर न पाडलेल्या मोजक्यांतही तो होता. तेव्हापासून त्याच्या रानात पावसाच्या भरवशावर सोयाबीन आणि उरल्या ओलीवर हरभरा, एवढंच निघत होतं. शेजारी चन्नबसप्पांच्या तीन बोअरवर ऊस डुलत होता.

“तुमच्या अहवालानं मोकळं केलं आम्हाला,” तो म्हणाला. “सव्वीस तारखेला ठराव झाला की सत्तावीसला बोअरची गाडी बोलवतो.”

समीक्षाने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ त्याने होकार असा घेतला, आणि तिने तो दुरुस्त केला नाही. परतीच्या गाडीत तिला तेच टोचत राहिलं.

नांदेडला पोचल्यावर तिने प्रोग्रॅमला दिलेली ती आज्ञा काढून टाकली. बाजूला काढलेली मापं परत आत आली. पडद्यावर नवं चित्र उमटलं. जिला ती वर्षभर विहीर म्हणत होती ती सरळ निळी रेघ या चित्रात कुठेच नव्हती. होता तो एक दातेरी उतार. मोटारी चालल्या की पाणी खाली, वीज गेली की पुन्हा वर, पण प्रत्येक वेळी पहिल्यापेक्षा जरा कमी वर. पावसाळ्यानंतर विहीर एका रात्रीत भरून निघत होती. संक्रांतीपुढे त्याच कामाला दोन दिवस लागत होते. उन्हाळ्यात ती भरून निघतच नव्हती, पुढचा उपसा त्याआधीच सुरू होत होता. आटलेल्या सालानंतर पाऊस बरा होत गेला म्हणून चुन्याच्या रेघा वर सरकल्या होत्या आणि गावाचं निभावलं होतं. त्यात नव्या बोअरांची भर पडली तर पाणी चैत्रापर्यंतसुद्धा पोचणार नाही, असं तिला वाटलं. वाटलं, एवढंच म्हणता येत होतं. एका वर्षाच्या मापावर छातीठोक बोलायची चूक तिला पुन्हा करायची नव्हती.

प्रकल्पप्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या आवृत्तीत तळटीप घालू, म्हणाले. अहवाल गेलेला आहे, आणि ग्रामसभा हे आपलं काम नव्हे. ते चुकीचं बोलत नव्हते. कामाच्या वाटण्या तशाच होत्या.

रविवारी ती देगलूरला वडिलांकडे गेली.

संघपाल सोनकांबळे यांनी तिथल्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं होतं. ते निवृत्त झाले आणि विभागही बंद झाला. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्यामुळे नक्की कोण निवृत्त झालं हे कळत नाही, असं ते पाहुण्यांना सांगत. त्यांच्या तासाला पोरं येत ती पेपर सोपा निघतो म्हणून. तरी प्रक्रियावादाचं प्रकरण आलं की ते सोपं काही शिकवत नसत. आधी गणित आणि पुढे तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एका इंग्रजाने मांडलेलं ते म्हणणं त्यांना फार जवळचं होतं. जग वस्तूंचं बनलेलं नाही, घडण्यांचं बनलेलं आहे. ज्याला आपण वस्तू म्हणतो ते सावकाश चाललेलं घडणं असतं. डोंगरसुद्धा घडतोय, फक्त त्याला आपल्यासारखी घाई नाही. एकदा एका पोराने विचारलं होतं, सर, मग बाकडं पण घडतंय का? तुझ्या बसण्याने तर लवकरच घडून जाईल, असं त्यांनी सांगितलं होतं. लहानपणी समीक्षाने हे सगळं जेवताना इतक्या वेळा ऐकलं होतं, की तिने विज्ञान शाखा घेतली.

आज तिने मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला आणि दोन्ही आलेख दाखवले. संघपालांनी चष्मा कपाळावर सरकवून ते बघितले, येळवशीची हकीकत ऐकली, आणि हसले.

“शाळेत फोटोवाला यायचा ना, तसं झालं. हलू नका म्हणायचा. सगळी पोरं श्वास धरून उभी. तू त्या फोटोवरून त्यांची तब्येत ठरवलीस.”

“बाबा, मोजायचं तर कुठंतरी थांबवावं लागतंच.”

“थांबव की. न थांबवता विचारही करता येत नाही, मोजणं तर दूरच. पण थांबवलेलं तेवढं खरं आणि चालतंय तो अडथळा, असं तू त्या यंत्राला शिकवलंस. आणि यंत्र आज्ञाधारक. आमच्या पोरांसारखं प्रश्न विचारत नाही.”

तिला राग आला, कारण ते बरोबर होतं. ती म्हणाली की त्यांच्या तत्त्वज्ञानाला शास्त्रात कुणी विचारत नाही. त्यावर ते बराच वेळ बोलले. तुमच्याच शास्त्राने अणूचा खडा फोडला आणि आत नुसती हालचाल निघाली. तुमच्याच जीवशास्त्राला कळलं, की शरीरातला कण न् कण बदलत असतो आणि तरी माणूस तोच राहतो, नदीसारखा. जंगल म्हणजे झाडांची बेरीज नसते, त्यांची आपसातली देवघेव असते, हे आता शाळेच्या पुस्तकातही येतं. पण धोरण लिहायला बसलं की सगळे पुन्हा खड्यांवर येतात. इतकी झाडं, इतकी तळी, इतक्या विहिरी. वस्तू मोजता येतात, वाटता येतात, त्यांच्यावर हक्क सांगता येतो. घडण्यावर हक्क कसा सांगणार? त्यात फक्त भाग घेता येतो.

“आपण बौद्धही तेच करतो,” ते मग म्हणाले. “अनित्यतेची गाथा आपण म्हणतो कधी, तर मयतीनंतर, पुण्यानुमोदनाला. जसा काही तो मरणाचाच विषय आहे. तो जगण्याचा विषय आहे, बाळा. तो विहिरीचा विषय आहे.”

“हे मी ग्रामसभेत सांगू? ते विचारतील, पाणी किती आहे, आकडा सांगा.”

“आकडा तत्त्वज्ञान देत नाही. कुठला आकडा फसवतो एवढंच सांगतं.”

“म्हणून विभाग बंद पडला.”

“म्हणूनच पडला,” संघपाल म्हणाले, आणि चहा टाकायला उठले. येरंडवाडीत जावं की जाऊ नये, याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. ती निघताना त्यांनी एवढंच विचारलं, की शिवशंकरला ते आधी सांगणार आहेस की सगळ्यांबरोबर? तिने त्याच संध्याकाळी फोन केला. शिवशंकरने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना कागदात जिलेबी वाटली गेली, आणि शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा बसली. सरपंच वैजनाथरावांनी विषय वाचला. समीक्षाने उभं राहून पाच मिनिटांत सांगितलं, की अहवालातला निष्कर्ष चुकला आहे, तो का चुकला, आणि जादा पाणी आहे असं आता तिला म्हणता येत नाही. येळवशीची गोष्ट आल्यावर काही जण हसले, काहींनी एकमेकांकडे बघितलं. दरवर्षी दोर सोडणारे तेच होते.

पुढच्या रांगेत खुर्चीवर चन्नबसप्पा बसले होते. गाव त्यांना अप्पा म्हणे.

“मागल्या साली पाणी हाय म्हणला, आवंदा न्हाई म्हणता. म्याडम, पाणी हिरीत ऱ्हातंय का तुमच्या डब्यात?”

हशा झाला. समीक्षाही थोडी हसली, कारण प्रश्न वाईट नव्हता. अप्पांनी मग समजूतदार आवाज काढला. झालं ते झालं, शिकलेल्या माणसाकडूनही चूक होते, म्हणाले. तेव्हा बंदी आहे तशी राहू द्यावी, वैजनाथरावांनी तसं लिहून घ्यावं. बोअरवाल्यांनी माना डोलावल्या. मागे भिंतीला टेकून उभ्या शिवशंकरने मान खाली घातली होती.

“अप्पा, माझं झालेलं नाही,” समीक्षा म्हणाली.

तिने ठरवून आणलेलं वाक्य हे नव्हतं. ठरवून आणलेलं बोलून ती खाली बसली होती. पण अप्पांच्या समाधानी चेहऱ्याकडे बघताना तिला तो दातेरी उतार पुन्हा दिसला, आणि त्यातली जी गोष्ट तिने आजवर स्वतःशीही नीट म्हटली नव्हती ती स्पष्ट झाली.

“तुम्ही बंदी घातली ती बोअर मोजून,” ती म्हणाली. “इतकी आहेत, याच्यावर एक नको. पण शिवारात भोकं किती, याच्याशी विहिरीला काय करायचंय? जुनं बोअर की नवं, हे तिला कळत नाही. मोटार चालली की ती उतरते, थांबली की चढते. तुमची मोटार, शेजारची मोटार, त्यांच्यामधला वेळ, खालचा मुरूम, वरचा पाऊस, हे सगळं मिळून जे चाललंय तीच विहीर. वेगळी कुठली विहीर नाहीच. बंदी आल्यापासून बोअर एकही वाढलं नाही. ऑटो मात्र सगळ्यांनी त्याच काळात बसवले.”

अप्पा खुर्चीत पुढे सरकले.

“म्हंजी आमच्या मोटारीला कुलूप लावताव?” अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज आता समजूतदार नव्हता.

तिला उत्तर द्यायला मिळालं नाही. शिवशंकर भिंत सोडून पुढे आला होता. आपली बाजू घेतली म्हणून तो खूश असेल असं तिला वाटलं असेल, तर ते चुकीचं होतं.

“मला बोअर मिळायचं न्हाई, अप्पाची मोटार थांबायची. मग गावानं पिकवायचं कशावर, ताई? तुमच्या आलेखावर?”

यावर कुणी हसलं नाही. समीक्षा म्हणाली, तिला फक्त एवढं दिसतंय, की येळवशीला दोन दिवस हात मागे घेतला तर विहीर भरते, म्हणजे तिचं भरणं अजून मेलेलं नाही. ते किती ताण सोसेल, हे कुठल्याच यंत्राला आधी सांगता येणार नाही. ताण कमी करून बघावं लागेल, आणि बघतच राहावं लागेल.

मग बायकांच्या बाजूने नागम्मा बोलली. ती चन्नबसप्पांहून मोठी होती आणि त्यांना सरळ नावाने हाक मारणारी गावात आता तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

“चन्नबसप्पा, येळवशीला ऑटो काढतोस तवा तुजा ऊस वाळतो काय रे?”

“ती येळवस हाय, नागम्मा. देवाचं काम.”

“आन् हे कुणाचं हाय? पाच वरीस माजं पोर तुज्या उसाकडं बघत बसलंय. पाण्याची एक पाळी त्याला द्यावी, असं तुला एक डाव तरी सुचलं का?”

अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला. त्यानंतर तासभर सगळे एकदम बोलत होते. कुणी ऑटो काढायला तयार, कुणी शेजाऱ्याने काढला तरच तयार. रात्री कोण उठणार, हा प्रश्न अनेकदा निघाला. शेवटी वैजनाथरावांनी जे लिहून घेतलं त्यात बंदी उठल्याचंही नव्हतं आणि चालू ठेवल्याचंही. विहिरीच्या वरच्या अंगाच्या मोटारींचे ऑटो काढायचे आणि गुढीपाडव्यापर्यंत बसवायचे नाहीत, मोटार हाताने लावायची आणि हाताने बंद करायची, आठवड्यातून एक पाळी बिनबोअरवाल्या शेजाऱ्याला द्यायची, आणि पाडव्याला पुन्हा बसायचं. वरच्या अंगाला सर्वांत जास्त मोटारी अप्पांच्याच होत्या. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. उठून घरी गेले.

समीक्षा नांदेडला परतली. तळटीप लिहिली. ती इतकी लांबली, की प्रमुखांनी तिला वेगळं प्रकरण करायला सांगितलं. अडथळा हा शब्द तिने प्रोग्रॅममधून काढून टाकला होता. त्या जागी काय लिहावं हे न सुचल्यामुळे तिथे रिकामी चौकट दिसत होती. लाल रेघ पहिल्यासारखीच दातरे काढत उतरत होती. येरंडवाडीतून कुणाचा फोन आला नाही, आणि तिने करायचा धीर केला नाही.

फेब्रुवारीच्या एका दुपारी शिवशंकरचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. तो म्हणाला की दिवसाची वीज चालू आहे, आणि अप्पांनी सकाळी स्वतः येऊन तिन्ही पेट्यांतले ऑटो काढले. दोन मोटारी बंद आहेत. तिसरी आत्ता बंद केली आणि तिचा पाइप उद्या सकाळी शिवशंकरच्या हरभऱ्याकडे वळवायचा म्हणाले. कारण सांगितलं नाही. अर्धं गाव विहिरीच्या कठड्यावर येऊन बसलं आहे आणि आत बघतं आहे, पण पाणी हलताना काही दिसत नाही.

“आलेख तुमच्याही मोबाइलवर आहे,” समीक्षा म्हणाली. “थांबा, मी आकडा सांगते.”

“आकडा ऱ्हाऊ द्या. निस्तं सांगा, चढून राहिलंय का उतरून राहिलंय?”

तिने पडदा जवळ ओढला. शेवटचं माप नुकतंच आलं होतं. आधीच्या मापाशी ताडून बघायला तिला क्षणभर लागला.

“चढून राहिलंय,” ती म्हणाली.

पलीकडे त्याने फोन कानावरून बाजूला घेऊन ते मोठ्याने सांगितलं. कुणीतरी काहीतरी म्हणालं, बहुतेक अप्पाच, आणि लोक हसले. तिला शब्द कळले नाहीत. शिवशंकर परत फोनवर आला. तिच्यावरचा त्याचा राग गेलेला नव्हता, ते आवाजातच होतं.

“उद्या परत इचारतो,” तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.